वठलेल्या पाइनवृक्षाचे देवस्थान

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की वसईच्या ख्रिस्ती गावांत संत गोन्सालो गार्सियाचे स्मरण होते. वसईच्या मातीत जन्मलेला आणि येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा पुढे जपानला गेला, त्याने तेथील भाषा आत्मसात केली, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण अर्पण केले. ही कथा आम्ही प्रथम आजीच्या मांडीवर ऐकली. सेमिनरीत गेल्यावर तीच कथा ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला सनावळीसह ऐकली. तेव्हापासून एकदा तरी त्या टेकडीचे दर्शन घ्यावे अशी मनीषा होती. आमच्या पौरोहित्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर काही स्नेह्यांच्या औदार्याने ती फळास आली.

निशिझाका नावाच्या त्या टेकडीवर सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मारक १९६२ साली उभारलेले आहे. लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझमूर्ती एका ओळीत आहेत. त्यांत आपला गोन्सालो शोधून आम्ही त्याच्यासमोर गुडघे टेकले, आणि वसईहून नेलेली चिमूटभर माती तेथे ठेवली. परंतु वाचकहो, या लेखात आम्हांला त्या टेकडीविषयी अधिक सांगायचे नाही. नागासाकीच्या वाटेवर ज्यांची आम्ही मुळीच अपेक्षा केली नव्हती, अशा दोन शिंतो देवस्थानांनी आमचे मन व्यापले. एक नगराच्या मध्यावर, भव्य आणि गजबजलेले. दुसरे रानात, एवढेसे आणि निःशब्द. पहिले ख्रिस्ती धर्माच्या पाडावाच्या काळात राज्यकर्त्यांच्या पाठबळाने उभे राहिले. दुसऱ्याने त्याच धर्माची आठवण आपल्या पोटात जपली. ही दोन्ही देवस्थाने पाहिल्याशिवाय गोन्सालोच्या मरणाचा अर्थ आम्हांला पुरता उमगला नसता, असे आता वाटते.

सुवा देवस्थानाच्या पायऱ्या

आमच्या सोबत दुभाषी म्हणून आलेल्या धर्मभगिनींनी आम्हांला प्रथम सुवा देवस्थान दाखवले. नागासाकीचे लोक त्याला आदराने आणि लडिवाळपणे ‘ओसुवासान’ म्हणतात. शिंतो हा जपानचा प्राचीन धर्म. त्याला संस्थापक नाही आणि सर्वांवर बंधनकारक असे श्रद्धासूत्र नाही. डोंगर, झरे, वृक्ष, पूर्वज, थोर पुरुष यांच्या ठायी वसणारे पूज्य सामर्थ्य म्हणजे ‘कामी’, आणि या कामीचे स्थान म्हणजे ‘जिंजा’. वाटेवर दोन खांबांची आणि दोन आडव्या तुळयांची कमान लागते. तिला ‘तोरीई’ म्हणतात. दारावर तोरण बांधणाऱ्या आपल्या लोकांना ती पाहताच ओळखीची वाटेल. कमानीपुढे दगडी कुंडीत पाणी असते. भाविक आधी डावा हात, मग उजवा हात धुतात आणि चूळ भरतात. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवणाऱ्या आम्हांला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. देवासमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, आणि पुन्हा एकदा नमस्कार, असा तेथला रिवाज आहे.

चढण मोठी आहे. शेवटच्या ७३ रुंद पायऱ्यांना ‘नागासाका’, म्हणजे लांब चढण, असे नाव आहे. देवळाच्या आवारात दगडी सिंहश्वानांच्या जोड्या आहेत. त्यांना ‘कोमाइनू’ म्हणतात. इतर देवस्थानांत ते केवळ राखणदार असतात, परंतु येथे लोकांनी त्यांना नाना कामे सोपवली आहेत. एका जोडीच्या पुढच्या पायांना दोऱ्या गुंडाळलेल्या दिसल्या. चौकशी करता कळले की दारू, तंबाखू किंवा अन्य व्यसन सोडू इच्छिणारे लोक संकल्प करून त्या पायांना दोरी बांधतात. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांची आम्हांला त्या क्षणी आठवण झाली. एखाद्या मातेने आपल्या मुलासाठी वेलंकणीला केलेला नवस आणि येथील एखाद्या मातेने बांधलेली दोरी, यांतील अश्रू काही निराळे नसतील.

या देवस्थानाचा मोठा उत्सव ‘कुंची’ होय. तो ऑक्टोबरच्या ७, ८ व ९ तारखांना होतो. ‘कुनिची’ म्हणजे नववा दिवस, या शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात, कारण पूर्वी तो चांद्र पंचांगातील नवव्या महिन्याच्या नवमीला साजरा होई. देवांच्या तीन पालख्या पायऱ्यांवरून धावत खाली आणतात, बंदराजवळच्या मुक्कामी नेतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वर आणतात. नगरातील मोहल्ल्यांचे गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक मोहल्ल्याची नृत्यसेवेची पाळी सात वर्षांनी येते. चिनी व्यापाऱ्यांकडून शिकलेला अजगरनाच, डच आणि पोर्तुगीज जहाजांच्या आठवणी जागवणारे देखावे, खांद्यावरून हवेत उडवून झेलायचे जड मंच, असा तो थाट असतो. खेळ आवडला की प्रेक्षक ‘मोत्ते कोई’, म्हणजे ‘परत आणा’, अशी आरोळी देतात. १९७९ साली जपान सरकारने या नृत्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा दिला.

उत्सवाचे हे वर्णन ऐकून आम्ही सुखावलो होतो. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “फादर, हा उत्सव १६३४ साली सुरू झाला. त्याच्या आधी वीस वर्षे या नगरातली सारी चर्चेस पाडली होती.” आमची पावले पायरीवर थबकली. उत्सवाच्या आनंदामागे एक जखम होती, आणि ती कोणी कोणाला प्रथम केली हे पाहण्यासाठी आणखी मागे जावे लागते.

जळालेली देवळे

संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांच्यासोबत गोव्यात स्नानसंस्कार घेतलेला अंजिरो हा जपानी गृहस्थ होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जपानमध्ये ख्रिस्ती श्रद्धा झपाट्याने पसरली. १६१४ च्या सुमारास श्रद्धावंतांची संख्या तीन लाखांच्या घरात होती, असे इतिहासकार मानतात. ही वाढ सेमिनरीत आम्हांला अभिमानाने शिकवली गेली. परंतु तिची एक काळी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे.

ओमुरा प्रांताचा अधिपती ओमुरा सुमितादा याने १५६३ साली स्नानसंस्कार घेतला. ख्रिस्ती होणारा तो पहिला जपानी सरदार. त्याच्याच काळात, १५७१ साली, नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांना खुले झाले, आणि १५८० साली त्याने ते येशूसंघाच्या स्वाधीन केले. १५७४ मध्ये त्याच्या मुलखातील शिंतो देवस्थाने आणि बौद्ध मठ पाडण्यात आले, जाळण्यात आले, आणि प्रजेला ख्रिस्ती होणे भाग पडले. हे काम मिशनऱ्यांच्या प्रोत्साहनाने झाले. नागासाकीत पूर्वी जी लहान देवस्थाने होती, तीही या लाटेत नष्ट झाली. १५८७ साली तोयोतोमी हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा देवळे आणि मठ उद्ध्वस्त केल्याचा आरोप त्याने त्यांच्यावर स्पष्ट शब्दांत ठेवला. त्याचे राजकीय हेतू होतेच. पण आरोप खोटा नव्हता.

याच शतकात आपल्याकडे काय घडले, हे गोव्याच्या आणि वसईच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १५४० नंतर गोव्यात देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीच्या श्रीमंगेशाची मूर्ती भक्तांनी १५६० च्या सुमारास झुआरी नदीपलीकडे प्रियोळला नेली. तेथे आज मंगेशीचे देऊळ आहे. आपला देव उराशी धरून रात्री नदी ओलांडणारे ते लोक आणि काही दशकांनंतर आपला क्रूस जमिनीत पुरणारे जपानी ख्रिस्ती, या दोघांच्या छातीतली धडधड सारखीच होती. आम्ही आजवर फक्त दुसरी ऐकली होती.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने सर्व देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. नागासाकीची चर्चेस जमीनदोस्त झाली. १६२२ साली निशिझाकाच्या टेकडीवर एका दिवशी पंचावन्न जणांना जाळून वा शिरच्छेद करून मारण्यात आले. १६२५ साली आओकी केन्सेई या साधकाने सुवा देवस्थानाचे पुनरुज्जीवन केले. नगराधिकाऱ्यांनी त्याला जागा आणि पाठबळ दिले. ज्यांच्या बापजाद्यांनी क्रूसासमोर गुडघे टेकले होते, त्या नागासाकीकरांना आता सुवाचे भक्त म्हणून उत्सवाला हजर राहणे भाग होते. लोकांना संशयितांची पारख करण्याचा आणखी एक उपाय होता. ख्रिस्त किंवा पवित्र मारिया यांची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाला तीवर पाय द्यायला लावायचे. या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. नागासाकीत हा प्रकार दरवर्षी नववर्षाच्या सुमारास चाले. शिवाय प्रत्येक कुटुंबाची नोंद कोणत्या ना कोणत्या बौद्ध मठात असावी, असा कायदा होता. जपानमधील शेवटचे धर्मगुरू कोनिशी मान्सियो १६४४ साली रक्तसाक्षी झाले. त्यानंतर वेदीवर मिस्सा अर्पण करणारे कोणीही उरले नाही.

या सगळ्याला एक उपसंहार आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब नागासाकीच्या उराकामी या कॅथलिक वस्तीवर फुटला. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मरण पावले. डोंगरांच्या आडोशाने सुवा देवस्थान वाचले. सुवाला न भजणाऱ्यांना मिळालेली ही शिक्षा आहे, असे त्या वेळी नगरातील काही लोक बोलले. तीनशे वर्षांपूर्वीची जखम इतकी खोल होती.

कुरोसाकीच्या रानात

दुसऱ्या दिवशी आम्ही नागासाकीहून वायव्येकडे सोतोमे भागात गेलो. बसला तासाहून अधिक वेळ लागतो. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे उभे डोंगर. शेते उतारावर दगडी बांध घालून केलेली. हा मुलूख गरिबांचा. शुसाकू एन्दो या कॅथलिक लेखकाने ‘मौन’ ही आपली १९६६ सालची प्रसिद्ध कादंबरी रचली, ती याच किनाऱ्याच्या आठवणींवर. येथील शित्सु गावी फादर मार्क मारी द रो हे फ्रेंच मिशनरी १८७९ साली आले. त्यांनी चर्च बांधले, बायकांना विणकाम आणि शेवया करण्याचे काम शिकवले, आणि १९१४ साली मरेपर्यंत ते मायदेशी परतले नाहीत. परंतु आम्ही त्याहून जुन्या गोष्टीच्या शोधात होतो.

कुरोसाकीच्या चर्चमधले एक वयोवृद्ध धर्मग्रामवासी आमची वाट पाहत उभे होते. पायवाट रानातून वर जाते. फेब्रुवारीच्या थंडीत ‘त्सुबाकी’ फुलली होती. ही जपानी कामेलियाची लाल फुले पाकळी पाकळी गळत नाहीत, संपूर्ण फूल एकदम खाली पडते. वाट अशा फुलांनी भरली होती. वाटेत एक प्रचंड खडक पुढे झुकून उभा आहे. त्याच्याखाली आठ-दहा माणसे दाटीवाटीने बसू शकतील. “हा प्रार्थनेचा खडक,” आजोबा म्हणाले. “उपवासकाळातल्या रात्री आमचे पूर्वज येथे जमत, आणि ओराशो मुलांना तोंडपाठ करवीत.”

‘ओराशो’ हा शब्द लॅटिन ‘ओरात्सिओ’ म्हणजे प्रार्थना यावरून आला. पोर्तुगीज मिशनऱ्यांनी येथे सोडलेले शब्द तीन-चार शतके जिभेवर टिकले. क्रूसाला येथे ‘कुरुसू’ म्हणत. आपण म्हणतो क्रूस. पाद्रीला ‘बातेरेन’ म्हणत. भाकरीसाठी जपानी शब्द आहे ‘पान’ आणि आपल्याकडे पाव. एकाच भाषेची ही बीजे एकाच शतकात वसईच्या वाऱ्याने एकीकडे आणि नागासाकीच्या वाऱ्याने दुसरीकडे रुजली. त्या रानात ‘कुरुसू’ हा शब्द ऐकताना परक्या देशी आपला भाऊ भेटल्यासारखे झाले.

खडकापलीकडे थोडे वर गेले की कारेमात्सु देवस्थान दिसते. ‘कारेमात्सु’ म्हणजे वठलेला पाइनवृक्ष. लाकडी, साधी, लहान इमारत. आत पूजास्थानी दगडी देवळी आहे, आणि ज्याचे येथे पूजन होते त्याचे नाव आहे सान जिवान. हे नाव सान जुआन, म्हणजे संत योहान, याचा अपभ्रंश आहे. वाचकहो, हा कोणी पर्वताचा वा समुद्राचा कामी नव्हे. परंपरा सांगते की बंदीच्या काळात एक परदेशी धर्मगुरू या डोंगरात लपून लोकांना संस्कार देत असे. तो येथेच मरण पावला आणि येथेच पुरला गेला. त्याच्या थडग्यावर लोकांनी देवस्थान मानले. पुढील पिढ्यांनी त्याला देवळाचे रूप दिले. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मगुरूच्या नावाने शिंतो देवस्थान असावे, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. आमच्या मनात क्षणभर सेमिनरीतला विद्यार्थी जागा झाला आणि त्याने विचारले, याला काय म्हणावे? श्रद्धा की भेसळ? प्रश्नाचे उत्तर देवळाभोवतीच्या जमिनीत होते.

देवळाच्या सभोवार झाडांखाली सपाट दगड पडले आहेत. ते दगड म्हणजे थडगी आहेत. त्यांवर नाव नाही आणि क्रूसही नाही. “माझे पणजोबा यांतल्याच एकाखाली आहेत,” आजोबा म्हणाले. “थडग्यावर क्रूस कोरणे म्हणजे मरण. म्हणून आमचे लोक प्रार्थनेला येताना पांढरे खडे सोबत आणत. दगडावर त्यांचा क्रूस मांडायचा, प्रार्थना करायची, आणि उठताना खडे विस्कटून टाकायचे.” त्यांनी खाली वाकून काही खडे उचलले आणि एका दगडावर क्रूस मांडला. आम्ही तिघांनी मृतांसाठी प्रार्थना केली. उठताना त्यांचा हात नकळत खड्यांकडे गेला, मग थांबला. “आता विस्कटायची गरज नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

सात पिढ्यांचा वायदा

सान जिवानचा एक जपानी शिष्य होता. त्याचे नाव बास्चान, म्हणजे सेबास्तियन. हा धर्मशिक्षक गुरूच्या पश्चात या डोंगरातून त्या डोंगरात लपत राहिला आणि अखेरीस पकडला जाऊन मारला गेला. त्याने लोकांसाठी जे ठेवले, त्यांत एक पंचांग होते. १६३४ सालच्या ख्रिस्तसभेच्या दिनक्रमावर ते बेतलेले आहे. नाताळ कधी, उपवासकाळ कधी, पुनरुत्थानाचा सण कधी, हे जपानी चांद्र तिथींशी जुळवून त्यात लिहिलेले होते. ज्या वर्षी नगरात ‘कुंची’चा पहिला नाच झाला, त्याच वर्षाचे हे पंचांग. एकीकडे ढोल वाजत होते आणि दुसरीकडे कोणीतरी बोटांवर पुनरुत्थान रविवार मोजत होते.

या पंचांगाचा सांभाळ करणाऱ्याला ‘चोकाता’ म्हणत. नवजात अर्भकांना स्नानसंस्कार देणाऱ्याला ‘मिझुकाता’ म्हणत. ते धर्मगुरू नव्हते. मिस्सा, दृढीकरण, अंत्याभ्यंग हे काहीच त्यांच्याकडे नव्हते. स्नानसंस्कार मात्र कोणीही श्रद्धावंत देऊ शकतो हे त्यांना शिकवलेले होते, आणि ते त्यांनी विसरू दिले नाही. पापनिवेदनाची सोय नसल्यामुळे त्यांनी ‘कोन्चिरिसान’ जपले. हा पोर्तुगीज ‘कोन्त्रिसाव’ म्हणजे परिपूर्ण पश्चात्ताप. धर्मगुरू नसेल तेथे देवावरील प्रेमाने केलेला खरा पश्चात्ताप क्षमा मिळवून देतो, अशी शिकवण देणारी एक पुस्तिका १६०३ साली निघाली होती. तिच्या नकला हातांनी उतरवून घेतल्या जात. प्रतिमेवर पाय देऊन घरी परतलेले आईबाप दार लावून हाच पश्चात्ताप म्हणत, अशी परंपरा आहे. घरात कोणी वारले की बौद्ध भिक्षू येऊन मंत्र म्हणे, आणि शेजारच्या खोलीत आप्त हळू आवाजात आपला ओराशो म्हणत. पांढऱ्या चिनी मातीची कान्नोन देवीची मूर्ती बालकाला कडेवर घेतलेली असे, आणि घरच्यांना ती पवित्र मारिया असे.

बास्चानने एक वायदाही केला होता, असे लोक मानीत. सात पिढ्यांपर्यंत मी तुम्हांला माझी लेकरे समजेन, त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजातून धर्मगुरू येतील, तुम्हांला पापनिवेदन करता येईल, आपली गीते उघड्यावर गाता येतील, असा त्याचा आशय. सोतोमेच्या बाया हा वायदा पोरांना झोपवताना सांगत. शेजारच्या ओनो गावात लोक तीन शिंतो देवस्थानांचे भक्त म्हणवून घेत आणि तेथेच आपली पूज्य चिन्हे गुप्तपणे ठेवून प्रार्थना करीत. २०१८ साली युनेस्कोने नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत ओनो व शित्सु ही गावे आहेत. शिंतो शेजाऱ्यांना आणि बौद्ध भिक्षूंना काहीच ठाऊक नव्हते, असे म्हणणे कठीण आहे. काशियामा येथील तेन्पुकुजी या बौद्ध मठाने आपल्या नोंदवहीत अशा पुष्कळ गुप्त ख्रिस्ती कुटुंबांना आश्रय दिला होता. राज्याच्या हुकमाने जी नोंदवही पहारा ठेवण्यासाठी केली होती, तीच काही भल्या माणसांच्या हाती पांघरूण झाली.

वायदा खरा ठरला. १८६४ साली नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी चर्च उभे राहू लागले. दोनच वर्षांपूर्वी, ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांनी सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद दिले होते. म्हणून हे चर्च त्यांनाच समर्पित केले गेले आणि त्याचे तोंड निशिझाकाकडे ठेवले गेले. म्हणजे त्या चर्चवर आपल्या गोन्सालोचेही नाव आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीहून आलेले सुमारे पंधरा जण आत शिरले. प्रार्थना करीत असलेल्या फादर बर्नार्ड पेतिजाँ यांच्याजवळ येऊन एका स्त्रीने हळूच सांगितले की आमचे आणि आपले हृदय एकच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कोठे आहे असे विचारले. दोन शतकांहून अधिक काळ एकाही धर्मगुरूचे दर्शन न घडलेले हे लोक होते. त्यांच्यावर पुन्हा छळ आला. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना हद्दपार केले गेले, त्यांतील सहाशेहून अधिक परत आले नाहीत. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरले.

दोन घरे, एक थडगे

येथे कथा संपली असती तर आम्ही ती वेदीवरून आनंदाने सांगितली असती. परंतु कुरोसाकीच्या आजोबांनी आम्हांला पुढचा भाग सांगितला. बंदी उठल्यावर सर्वजण ख्रिस्तसभेत परतले नाहीत. नव्या मिशनऱ्यांनी सांगितले की बौद्ध वेदी आणि पूर्वजांच्या पाट्या घरातून काढा, स्नानसंस्काराची विधिवत खात्री करून घ्या. पुष्कळांनी ते केले. पुष्कळांना ते जमले नाही. ज्या आवरणाखाली आजा-पणज्यांनी श्रद्धा जपली, ते आवरण आता त्यांच्या हातांचे स्मारक झाले होते. ते फेकणे म्हणजे पूर्वजांना फेकणे, असे त्यांना वाटले. अशा रीतीने एका गावात तीन वाटा झाल्या: कॅथलिक, गुप्त परंपरा चालवणारे आणि बौद्ध. “माझे आजोबा चर्चमध्ये गेले. त्यांचे सख्खे भाऊ गेले नाहीत. लग्नकार्यातही एकमेकांकडे बसत नसत. थडगी मात्र एकाच रानात.”

या दुराव्यावर इलाज त्या छोट्या देवस्थानानेच केला. २००० सालापासून नोव्हेंबरच्या आरंभी कारेमात्सु देवस्थानाचा उत्सव सुरू झाला. कुरोसाकीचे धर्मगुरू त्या देवळात पूर्वजांसाठी मिस्साबलिदान अर्पण करतात. गुप्त परंपरेतील ज्येष्ठ ओराशो म्हणतात. बौद्ध शेजारीही येतात. सध्याची इमारत २००३ साली नव्याने बांधलेली आहे. भांडणाचे कारण असलेली जागा भेटीची जागा झाली.

सेमिनरीतल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. कारेमात्सु ही श्रद्धा की भेसळ? अडीच शतकांहून अधिक काळ गुप्ततेत राहिलेल्या प्रार्थनांचे शब्द झिजले, काहींचे अर्थ हरवले, रूढी मिसळल्या, हे खरे आहे. आम्ही धर्मगुरू आहोत. संस्कारांचे आणि शुद्ध शिकवणुकीचे मोल आम्ही कमी लेखू शकत नाही. परंतु त्या सपाट दगडांसमोर उभे राहिल्यावर न्यायाधीशाचे आसन सोडावे लागते. निशिझाकाचे सव्वीस जण एका सकाळी मेले. हे लोक रोज थोडे थोडे मेले आणि तरी मुलाच्या कपाळावर पाणी ओतत राहिले. रक्तसाक्ष्यांनी श्रद्धेची किंमत दाखवली. या निनावी, भयभीत, प्रतिमेवर पाय ठेवून रात्री रडणाऱ्या माणसांनी ती श्रद्धा पुढच्या हातात दिली. १८६५ साली ओउराच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या पंधरा जणांना जन्म देणारे हेच होते.

आणि त्यांना आसरा कोणी दिला? ज्या धर्माची देवळे आमच्या लोकांनी १५७४ साली जाळली, त्याच धर्माच्या देवळीने आमच्या एका धर्मगुरूचे नाव जिवंत ठेवले. क्षमा कशी असते याविषयी आम्ही अनेक प्रवचने दिली आहेत. त्या रानात ते प्रवचन आम्ही ऐकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्याचा जाहीरनामा दिला. कुरोसाकीच्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्याचा धडा आधीच गिरवला होता. परतीच्या दिवशी आम्ही पुन्हा सुवाच्या पायऱ्या चढलो. या वेळी पायरीवर थबकलो नाही. वर पोहोचल्यावर एका यजमानाच्या घरी पाहुण्याने करावे तसे आदराने वाकलो, आणि जे आमच्या लोकांनी केले त्याबद्दल मनोमन क्षमा मागितली.

वसईला परतलो तेव्हा आजोबांनी दिलेला एक पांढरा खडा आमच्या खिशात होता. तो आम्ही चर्चमध्ये संत गोन्सालोच्या पुतळ्याच्या पायाशी ठेवला आहे. आपल्या धर्मग्रामातील मुले विचारतात, फादर, हा दगड कसला? आम्ही त्यांना सांगतो की हा क्रूसाचा एक तुकडा आहे. यंदा सणाच्या दिवशी नमो मारिया म्हणताना त्या सव्वीस जणांसोबत, ज्यांना क्रूस मांडून पुन्हा विस्कटावा लागला, त्यांचीही आठवण करावी. आणि एक नमो मारिया त्यांच्यासाठीही म्हणावी, ज्यांनी तो विस्कटलेला क्रूस पाहिला आणि कोणाला सांगितले नाही.